व्यसन आणि मनाचा आजार: उपचार एकत्रच हवेत

श्रोतेहो, नमस्कार.

"आधी याची दारू सुटू दे, मनाचं मग बघू," असे आपल्याकडे घरोघरी म्हटले जाते. उलट, नैराश्याच्या उपचारासाठी गेलेल्या माणसाला कधीकधी "आधी व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन या" असेही सांगितले जाते. या येरझाऱ्यांत महिने निघून जातात आणि दोन्ही आजार एकमेकांना खतपाणी घालत राहतात. ज्याला व्यसनही आहे आणि मनाचा आजारही, त्याच्यावर दोन्हींचे उपचार एकाच ठिकाणी आणि एकाच वेळी व्हायला हवेत, हे मला आज आग्रहाने सांगायचे आहे.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून 1986 साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले, ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, आणि त्याची धुरा वाहणाऱ्या डॉ. अनिता अवचट स्वतः त्याच रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला आहे.

दारू सोडवण्यासाठी रुग्णालयात भरती कशासाठी, असे अनेकजण विचारतात. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवली, की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, नसलेली माणसे दिसू लागतात. म्हणूनच वॉर्डातली परिचारिका ठरावीक वेळाने रुग्णाला दोन्ही हात पुढे धरायला सांगते, बोटांची थरथर पाहते, नाडी आणि रक्तदाब नोंदवते, आज वार कोणता हे विचारते. या नोंदींवरून डॉक्टर औषधाची मात्रा ठरवतात. ब-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनेही दिली जातात, कारण त्याच्या अभावाने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ज्याला पूर्वी फिट आली आहे, त्याची दारू घरच्या घरी बंद करण्याचा प्रयोग कृपा करून करू नका.

यानंतरचा काळ निदानाच्या दृष्टीने फार मोलाचा असतो. पिणाऱ्या माणसाची उदासी कित्येकदा दारूमुळेच आलेली असते आणि दारू थांबल्यावर तीन-चार आठवड्यांत बरीचशी ओसरते. पण ज्याची उदासी, संशय किंवा कानात येणारे आवाज त्यानंतरही टिकून राहतात, त्याला त्या आजाराचे स्वतंत्र आणि अनेकदा दीर्घकाळ औषध लागते. पिण्याआधीचे दिवस कसे होते, घरात आणखी कोणाला असा त्रास होता का, हे घरच्यांनी मोकळेपणाने सांगितले, तर निदान सोपे होते. लोकलाजेपायी मनाच्या आजाराची डॉक्टरांची जुनी चिठ्ठी लपवली जाते, हे मला फार खटकते, कारण त्याचा भुर्दंड रुग्णालाच भरावा लागतो. दारूचा तिटकारा यावा म्हणून दिली जाणारी गोळी वेडाच्या लक्षणांच्या रुग्णात ती लक्षणे वाढवू शकते. डॉक्टरांना पूर्वेतिहासच ठाऊक नसेल, तर ते सावध कसे राहणार?

"मनाच्या गोळ्या म्हणजे दुसरी नशाच," हा समज तर बरे होत असलेल्या मंडळींतही आढळतो, आणि त्यातून चाललेली औषधे बंद होतात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते हे खरे. परंतु नैराश्याच्या किंवा स्किझोफ्रेनियाच्या औषधांना तोच नियम लावणे चुकीचे आहे.

केंद्र निवडताना मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात, चालू औषधे सुरू ठेवतात का, रात्री वैद्यकीय मदत मिळते का आणि घरी सोडल्यावर पाठपुरावा कसा होतो, हे आवर्जून विचारा. जिथे रुग्णाला साखळीने बांधतात तिथे त्याला ठेवू नका. कायद्याने त्यास मनाई आहे. कोठे जावे हे सुचत नसेल, तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो, आणि तेथे मराठीतही बोलता येते.