क्रिस्टिनाचं सफरचंद आणि काल्लिफातिदेसची ग्रीक

मित्रहो, स्वीडनकडे आज लोक येतात, पण एके काळी तिथूनच माणसं बाहेर पडत होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून 1930पर्यंत दहा लाखांहून अधिक स्वीडिश माणसं अमेरिकेला गेली. त्यांच्यावर विल्हेल्म मोबेरी यांनी 1949 ते 1959 या काळात चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यातली क्रिस्टिना मिनेसोटात आयुष्य काढते, पण इंग्रजी शिकत नाही. मुलं आपापसात इंग्रजी बोलू लागतात आणि आई आपल्याच घरात परकी होते. माहेरच्या बियांतून वाढलेल्या झाडाचं पहिलं पिकलेलं सफरचंद चाखून ती प्राण सोडते. मला हा प्रसंग वाचून पुढे सरकता येत नाही.

नव्या कादंबऱ्या वाचताना ही क्रिस्टिना सतत आठवते, कारण आता दिशा उलटी आहे.

थिओडोर काल्लिफातिदेस 1964 साली ग्रीसहून स्टॉकहोमला आले, तेव्हा ते 26 वर्षांचे होते. पाचच वर्षांत त्यांचा स्वीडिश कवितासंग्रह आला, मग कादंबऱ्या. 2020 सालच्या ‘प्रेम आणि परकेपण’ या अर्थाच्या शीर्षकाच्या कादंबरीत साठच्या दशकातला, स्टॉकहोमला आलेला ग्रीक तरुण प्रेमात पडतो. त्या काळातलं स्वीडिश बोलणं आपल्याला चटकन कळेल. अनोळखी माणसाला थेट ‘तू’ म्हणायचं नाही, ‘तुम्ही’ म्हटलं तरी खटकायचं. म्हणून तिसऱ्या पुरुषात, पदवी लावून विचारायचं: ‘डॉक्टर कॉफी घेतील का?’ आपल्याकडचं ‘साहेब चहा घेणार का?’ तसंच ते. 1967 साली आरोग्य खात्याचे प्रमुख ब्रूर रेक्सेद यांनी जाहीर केलं की, मी सगळ्या कर्मचाऱ्यांना ‘तू’ म्हणणार. काही वर्षांत सगळा देश ‘तू’वर आला. नवी भाषा शिकणाऱ्या प्रेमिकाची यात काय अवस्था झाली असेल! मराठीत ‘अहो’वरून ‘अरे’वर यायला किती धैर्य लागतं, हे इथे बसलेल्या अनेकांना माहीत आहे.

पुढच्या पिढीचं दुखणं वेगळं. योनास हासेन खेमिरी यांची आई स्वीडिश, वडील ट्युनिशियाचे. 2003 सालच्या पहिल्या कादंबरीतला त्यांचा शाळकरी हालिम मोडकीतोडकी स्वीडिश बोलतो, आणि मुद्दाम बोलतो. त्याला नीट येते. तरी अनेक समीक्षकांनी ती ‘स्थलांतरितांची खरी बोली’ समजून कौतुक केलं. त्या मुलाचं बंडच नजरेतून निसटलं. मला हे फार लागतं. 2023 साली आलेल्या ‘बहिणी’ या मोठ्या कादंबरीचा पहिला खर्डा तर खेमिरींनी इंग्रजीत केला, मग स्वीडिश.

आणि पुन्हा काल्लिफातिदेस. सत्तरी ओलांडल्यावर त्यांचं लिहिणंच थांबलं. ज्या स्वीडिशमध्ये चाळीसहून अधिक वर्षं लिहिलं, पत्नीशी संसार केला, ती हात देईना. स्टॉकहोममधली लिहिण्याची जागा त्यांनी विकून टाकली. मग ते जन्मगावी, मोलाइ इथे गेले. तिथल्या शाळेतल्या मुलांनी त्यांच्यासमोर प्राचीन ग्रीक नाटककार एस्किलसचं ‘पर्शियन’ हे नाटक सादर केलं. ते ऐकल्यावर, इतक्या वर्षांनी, पुढचं पुस्तक त्यांनी ग्रीकमध्ये लिहायला घेतलं.