रुग्णाच्या उशाशी बसलेलं माणूस

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय तो ‘आयुष्याच्या अखेरची शुश्रूषा’. त्यातल्या रुग्णाबद्दल बोलणारे बरेच आहेत. मला आज बोलायचंय ते त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाबद्दल. बहुतेक घरांत ती बायको असते, सून असते, नाहीतर नोकरी सोडून माहेरी आलेली मुलगी. कधी सत्तरी ओलांडलेला नवराही असतो. पगार नाही, रजा नाही, आणि केसपेपरवर नाव असलंच तर ते ‘नातेवाईक’ या रकान्यात.

सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्या माणसांची शुश्रूषा करणारं रुग्णालय, सुरू केलं. तेव्हापासून या शाखेत सगळेच सांगत आले की रुग्ण आणि त्याचं घर वेगळं धरायचं नाही. सांगायला सांगितलं, पण संशोधन पुढे कितीतरी वर्षं रुग्णाभोवतीच फिरत राहिलं. त्याचं दुखणं किती उतरलं, किती महिने मिळाले, शेवट घरी झाला की दवाखान्यात. उशाशी बसलेल्याची मोजदाद मागाहून सुरू झाली.

त्यातला एक अभ्यास फार गाजला. अमेरिकेत रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच या दोघांनी १९९९ साली तो प्रसिद्ध केला. आजारी जोडीदाराला सांभाळणारे म्हातारे नवरे-बायका त्यांनी सुमारे चार वर्षं नजरेखाली ठेवले. ज्यांची सांभाळताना ओढाताण होत होती त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण, ज्यांच्या वाट्याला असं काम आलंच नव्हतं त्यांच्यापेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघालं. झालं! ‘सेवा करणारा आधी जातो’ असं लोक बोलायला लागले.

पण २०१३ साली अमेरिकेतच दुसरा अभ्यास आला, साडेतीन हजार काळजीवाहकांचा. वय, तब्येत, परिस्थिती अशा सगळ्या बाबतींत त्यांच्यासारखीच, पण कुणाला सांभाळत नसलेली तितकीच माणसं शेजारी ठेवून केलेला. त्यात काळजीवाहकांचं मृत्यूचं प्रमाण १८ टक्क्यांनी कमी निघालं! आता यातलं खरं कुठलं? मला विचाराल तर दोन्ही. पहिल्या अभ्यासातसुद्धा ज्यांना ते काम झेपत होतं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण तसं वाढलेलं नव्हतं. बातमी देणारे हे वाक्य गाळतात. आपल्या माणसाचं करण्यानं कुणी मरत नाही. एकट्यानं, न झोपता, पुढे काय वाढून ठेवलंय याचा पत्ता नसताना करत राहण्यानं माणूस खचतो.

त्याच २०१३ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या बार्बरा गोम्स, आयरीन हिगिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ अभ्यास एकत्र करून पाहिले. उपशामक सेवेचं, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं, पथक घरी येत असेल तर शेवट घरी होण्याची शक्यता दुपटीहून वाढते, हे त्यातून दिसलं. रुग्णाचा त्रासही थोडा कमी होतो. आरोग्य खात्यांना हे आवडणारच, दवाखान्यातली खाट मोकळी होते. घरच्यांवर काय परिणाम झाला, याचा पुरावा मात्र एका बाजूला झुकेना. मला त्या आढाव्यातली हीच जागा सगळ्यात महत्त्वाची वाटते. दवाखान्यात मोकळी झालेली खाट कुणाच्या तरी हॉलमध्ये मांडली जाते.

ती कशी मांडली जाते, हे इथल्या निम्म्या लोकांना माहीत असेल. दिवाण सरकवायचा, टीव्ही आतल्या खोलीत न्यायचा, डोक्याकडून वर करता येणारा फाउलर बेड भाड्यानं आणायचा. त्यावर एअरबेड, त्याचा पंप रात्रभर घुरघुरतो, आणि लाइट गेले की बेड बसतो. दर दोन तासांनी कूस बदलायची. ती हाताला धरून ओढून नाही, तर खालची चादर दोन्हीकडून गुंडाळून घेऊन, म्हणजे कातडी घासत नाही. पाठीच्या खालच्या हाडावर लाली दिसते का ते बॅटरी लावून बघायचं. नाकातल्या नळीतून भरवताना डोकं वर, भरवून झाल्यावर थोडं पाणी सोडायचं, आणि लगेच आडवं करायचं नाही. लघवीची पिशवी रिकामी करून किती मिली झाली ते वहीत लिहायचं. दवाखान्यात हेच काम शिकलेली नर्स पाळीत करते, आणि पाळी संपली की घरी जाते. घरच्या बाईला हे डिस्चार्जच्या दिवशी पाच मिनिटांत दाखवलेलं असतं, एकीकडे बिल, एकीकडे अँब्युलन्सवाला घाई करतोय, अशात.

मग डॉक्टर विचारतात, ‘कसं चाललंय?’ ती म्हणते, ‘बरं चाललंय.’ सासरे समोर पडलेत, त्यांच्यादेखत ती दुसरं काय सांगणार?

इंग्लंडमध्ये गेल यूइंग आणि गुन ग्रांडे या दोघींनी नेमकी ही गाठ सोडवायला घेतली. ज्यांचं माणूस नुकतंच गेलं होतं अशा ७५ जणांना त्यांनी विचारलं, तुम्हाला त्या दिवसांत काय हवं होतं? त्यातून १४ प्रश्नांचा एक साधा कागद तयार झाला. निम्मे प्रश्न रुग्णाचं करता यावं म्हणून: औषधं देता येतात का, अंघोळ-स्वच्छता जमते का, काळजी वाटली तर फोन कुणाला करायचा ते माहीत आहे का, पुढे काय होईल याची कल्पना आहे का. उरलेले निम्मे तिच्या स्वतःसाठी: दिवसात थोडा वेळ मिळतो का, पैशाची-कामाची अडचण आहे का, स्वतःच्या तब्येतीकडे लक्ष आहे का, रात्रीची सुटका मिळते का. ‘तुम्हाला त्रास किती होतो’ असं कुठेच विचारलेलं नाही. विचारलंय ते ‘याबाबतीत आणखी मदत हवी का’, आणि उत्तरं ‘नको’पासून ‘खूपच हवी’पर्यंत चार. त्रास कबूल करायला आपली माणसं लाजतात. मदत किती, हे सांगायला तितकं जड जात नाही. मग तिनं ज्यावर खूण केली त्याबद्दल नर्स तिच्याशी बोलायला बसते.

ऑस्ट्रेलियात पर्थकडे समर आऊन यांच्या गटानं हा कागद वापरून पाहिला, घरीच सांभाळणाऱ्या ३२२ जणांबरोबर. कागद भरून त्यावर बोलणं झालं त्यांची ओढाताण इतरांपेक्षा कमी झाली. औषध नाही, यंत्र नाही! ‘पुढे काय होईल ते सांगा’ ही मागणी तिथे अगदी वरच्या मागण्यांत होती. शेवटच्या दिवसांत श्वास कसा बदलतो, घशात घरघर का होते, खाणं का सुटतं, हे आधी सांगितलं तर मध्यरात्री अँब्युलन्स बोलावण्याची कितीतरी घरांवरची वेळ टळेल.

पैशाचं बोलू. ब्रिटनमध्ये ही लढाई एका बाईनं सुरू केली. मेरी वेब्स्टर. चर्चमधली सेवा सोडून आईवडिलांना सांभाळायला घरी आली, आणि १९६३ साली वर्तमानपत्रांना पत्र लिहिलं: माझ्यासारख्या बिनलग्नाच्या मुलींचं कसं चालतं ते कुणी विचारलंय का? पत्रांचा ढीग आला, १९६५ साली संघटना उभी राहिली, १९७६ साली घरच्या माणसाला सांभाळणाऱ्यांना सरकारी भत्ता मिळाला. पण लग्न झालेल्या बाईला नाही, कारण ती घरीच असते! आईसाठी नोकरी सोडलेली जॅकलिन ड्रेक युरोपच्या न्यायालयापर्यंत गेली, तेव्हा कुठे १९८६ साली, निकालाच्या तोंडावर, सरकारनं ती अट काढली. हा भत्ता आजही तुटपुंजाच आहे, पण हे काम आहे एवढं तरी कागदावर आलं.

आपल्याकडे २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्या माणसांची काळजी घेणाऱ्या बायकांचा वेळ दिवसाला १३४ मिनिटं आणि पुरुषांचा ७६ मिनिटं भरला. यात लेकरंही आली आणि म्हातारी माणसंही. अखेरच्या आजाराचा वेगळा हिशेब त्यातून निघत नाही.

केरळनं वेगळी वाट धरली. १९९३ साली कोळिकोडला डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार यांनी वेदना-उपशामक संस्था काढली, त्यातून गल्लोगल्लीचे स्वयंसेवक तयार झाले, आणि २००८ साली सरकारनं धोरण केलं, पंचायतींना त्यात ओढलं. स्वयंसेवक घरी आला की ड्रेसिंगइतकंच हेही बघतो की घरात तांदूळ आहेत का, पोरं शाळेत जातात का. पुण्यात वारज्याला सिप्लाचं उपशामक सेवेचं केंद्र १९९७पासून आहे, मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६पासून. ही कामं मोठी आहेत, पण खाटा बोटांवर मोजण्याइतक्या. उरलेला महाराष्ट्र हॉलमधल्या खाटेवरच आहे.

आता निर्णयाचा हक्क. हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली एक गोष्ट स्पष्ट म्हटली: त्यांच्या बाजूनं बोलायचा अधिकार इतकी वर्षं रात्रंदिवस सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. आणि घराघरांत काय होतं? दोन वर्षं जिनं केलं ती सून आयसीयूच्या दारात बाजूला उभी, आणि न्यू जर्सीहून कालच उतरलेला मुलगा म्हणतो, ‘एव्हरीथिंग करा, व्हेंटिलेटर लावा.’ हसू नका, कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९१ साली यावर लेखच लिहिलाय, ‘कॅलिफोर्नियाची मुलगी’ म्हणून. कॅलिफोर्नियात म्हणे तिलाच न्यू यॉर्कची मुलगी म्हणतात. म्हणून तुमच्यापैकी ज्यांना इच्छापत्र करायचंय, वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे शेवटी कुठले उपचार हवेत-नकोत ते आधीच लिहून ठेवायचंय, त्यांनी ते धडधाकट असतानाच करा. २०२३ पासून पद्धत सोपी झालीय: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. त्यात तुमच्या वतीनं ठरवणाऱ्यांची नावं लिहायची असतात. ज्याला इंग्रजी चांगलं येतं त्याचं नाव घालण्याआधी जो तुमचं करणार आहे त्याचं घाला.

चिठ्ठ्या आल्यात. एक वाचतो. ‘सासूबाई आठ महिने अंथरुणावर आहेत. ब्युरोची बाई ठेवावी म्हणते, पण लोक काय म्हणतील?’

लोक म्हणतीलच. ठेवा. एकाच पाळीचे पैसे जमत असतील तर रात्रपाळीची ठेवा. दिवसा कुणी ना कुणी येऊन-जाऊन असतं, रात्री तुम्ही एकट्या असता. तेही जमत नसेल तर दिराला सांगा, शनिवारची रात्र तुमची, आणि त्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत दार लावून झोपा. चादरीनं कूस कशी बदलायची ते त्यांना एकदा करून दाखवा. चुकतील थोडं. चालतं.

पुढची चिठ्ठी द्या.