पंधरा मिनिटांचा फरक

नमस्कार मंडळी. मघाशी माझी ओळख करून देताना 'छायाचित्रकार' असा शब्द आला, तो तेवढा मागे घ्या. मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. माझ्या फोटोंत क्षितिज तिरकं असतं. पण माझे फोटो सापडतात. ग्रुपमध्ये कोणाला काही हवं असलं की मला फोन येतो, आणि त्याच भांडवलावर मी आज इथे उभी आहे.

2018च्या ऑक्टोबरात आम्ही आठ जण एव्हरेस्ट बेस कॅम्पला गेलो होतो. परतल्यावर सगळ्यांचे फोटो एका ठिकाणी आणून वेळेप्रमाणे लावले, तर वाटेवरच्या तेंगबोचे गावी भलतंच झालेलं. आम्ही मठाच्या अंगणात हसत उभे, आणि त्यानंतर दमलेभागलेले कमानीतून आत येतोय! दोन दिवस डोकं खाजवलं. मग लक्षात आलं की नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढे आहे. फोनना तिथलं नेटवर्क मिळालं आणि त्यांनी स्वतःची वेळ गुपचूप बदलली. कॅमेरा बिचारा पुण्याच्याच वेळेवर. त्यामुळे कॅमेऱ्यातलं अंगण फोनमधल्या कमानीच्या आधी आलं.

दुरुस्ती अवघड नव्हती. फोटोच्या फाइलमध्येच तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं नाव आणि फोनचा फोटो असेल तर बहुधा अक्षांश-रेखांशही लिहिलेले असतात. बँकेच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक फोटोला त्याचं व्हाउचर टाचलेलं असतं. एक्झिफटूल नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, त्यानं कॅमेऱ्याचे सगळे फोटो एकदम 15 मिनिटं पुढे सरकवले. आता प्रवासाच्या पहिल्या दिवशी मी सगळ्यांना एकाच घड्याळाचा फोटो काढायला लावते. कोणाचं यंत्र किती मागे-पुढे आहे ते तिथेच कळतं.

हे व्हाउचर फाडून टाकणारी गोष्ट म्हणजे व्हॉट्सॲप. नेहमीसारखा फोटो पाठवला की तो बारीक होतो आणि आतली माहितीही जाते. आमच्यातल्या एका मैत्रिणीचा फोन परतीच्या वाटेवर हरवला. बेस कॅम्पजवळच्या काळापत्थर शिखरावरचे तिचे फोटो वाचले, कारण खाली नामचे गावात वाय-फाय मिळाल्याबरोबर तिनं ते ग्रुपवर टाकले होते. पण फाइलच्या नावात जी तारीख आली ती फोटो पोचल्याची. त्या दिवशी आम्ही खाली नामचेत मोमो खात बसलो होतो! मूळ फोटोच पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तो जसाच्या तसा जातो.

फोटो हरवतो म्हणजे फाइल उडते, असं आपल्याला वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. बहुतेकांचे फोटो घरातच असतात, 'नवीन', 'नवीन 2', 'ट्रेक फायनल' अशा फोल्डरांत गाडलेले. फोल्डरचं नाव आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी गाव असं ठेवा: 2018-10-14-तेंगबोचे. यादी आपोआप क्रमानं लागते. आणि दोन ट्रेकचे फोटो एका फोल्डरात ओतू नका. बऱ्याच कॅमेऱ्यांची मोजणी 9999नंतर पुन्हा 0001 होते. एकाच नावाच्या दोन फाइली समोर आल्या, की संगणक विचारतो, 'जुनी बदलू का?' आणि आपण घाईत 'हो' म्हणतो.

गावाचं नाव मात्र त्याच रात्री लिहायचं. सोपी युक्ती म्हणजे दिवसाचा पहिला फोटो पाटीचा. नेपाळात लॉजची पाटी, आपल्याकडे पायथ्याच्या गावातला एसटीचा थांबा. बँकेत आम्ही दिवसाचा हिशेब जुळल्याशिवाय घरी जात नसू, तसंच हे. स्लीपिंग बॅगेत शिरण्याआधी दहा मिनिटं. चाळीस सूर्यास्तांतले कोणते ठेवायचे, ही चाळणी घरी आल्यावर करा. थंडीत, अर्ध्या झोपेत नको ते पुसलं जातं.

आता प्रतींचं. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारानं रूढ केलेला 3-2-1 चा नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या जागी. मला तो ऐकताक्षणी पटला. शाखेत नवा संगणक आला तेव्हा रोज संध्याकाळी टेपवर बॅकअप घ्यायचो आणि एक टेप दुसऱ्या शाखेत ठेवायचो. ट्रेकमध्ये लॅपटॉप कोण वाहणार? वर चार्जिंगलाही पैसे पडतात. कार्ड रीडर फोनला लावून पेनड्राइव्हवर प्रत घ्या आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्याच्या सॅकमध्ये द्या. दुसऱ्याच्या, हे महत्त्वाचं. सॅक गेली तर तिच्यातल्या दोन्ही प्रती एकदमच जातात. घरी तीन प्रती होईपर्यंत कार्ड पुसू नका.

'सगळं गूगलवर आहे' असं मला नेहमी ऐकायला मिळतं. तिथली अमर्याद फुकट सोय 1 जून 2021 पासून बंद झाली. आता 15 जीबी मिळतात, तेही मेल धरून. शिवाय फोनच्या गूगल फोटोजमधून पुसलेला फोटो तिकडूनही पुसला जातो. कचऱ्याच्या डब्यात तो 60 दिवस राहतो, मग संपलं. ती एक प्रत धरा, तिजोरी नव्हे.

आणि ठेवलेली प्रत उघडून बघा. मी दर खंडेनवमीला हार्ड डिस्कला हळदकुंकू लावते, झेंडूचं फूल वाहते आणि कुठलेही पाच फोटो उघडते. 2021 साली फूल वाहूनही डिस्क नुसती टकटक करत राहिली. नाशिकला बहिणीकडे ठेवलेली डिस्क मागवली, नवी विकत आणली, आणि दिवाळीच्या आत पुन्हा तीन प्रती केल्या. कुरियरवर भरवसा नव्हता, भाच्यालाच एसटीनं यायला लावलं.

हं, मागच्या रांगेत ताईंनी हात वर केलाय. विचारा.