लिफ्ट, ध्रुव आणि डंबेल

हे आमच्या बिल्डिंगचं टेरेस, ठाण्यातला घोडबंदर रोड, ऑक्टोबर, संध्याकाळचे साडेसात. इथून दुर्बिणीतून एका तेजोमेघाचा फोटो काढायचाय. किल्ली सेक्रेटरींकडे असते, दरवेळी सांगावं लागतं की काका, दुर्बीण वर बघायला आहे, समोरच्यांच्या खिडकीत नाही, पण त्यांना अजून फारसं पटलेलं दिसत नाही.

ठाण्यातून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम 19 अंश वर, म्हणजे आमच्यासाठी थेट टॉवरच्या मागे. माउंट, म्हणजे ताऱ्यांबरोबर दुर्बीण फिरवणारा स्टँड, ध्रुवावर लावायचा सोपा मार्ग बंद. मग तारा कुठल्या बाजूला सरकतोय ते बघत बघत स्क्रू फिरवायचे, पाऊण तास त्यातच जातो.

आज डंबेल नावाचा तेजोमेघ, यादीतला नंबर एम 27. 'शर' या तारकासमूहातल्या बाणाच्या टोकापासून साधारण 3 अंश उत्तरेला, आत्ता जवळपास डोक्यावरच. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेसिएने 1764 ला पाहिला, या जातीतला सापडलेला पहिलाच. या जातीला प्लॅनेटरी नेब्युला म्हणतात खरं, पण ग्रहाशी काही संबंध नाही, खगोलशास्त्रज्ञ हर्शेलला दुर्बिणीत असले तेजोमेघ ग्रहाच्या थाळीसारखे वाटले आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. म्हातारा तारा बाहेरचे थर सोडून देतो, आत उरलेला गाभा प्रचंड तापलेला, त्याच्या अतिनील किरणांनी तो गॅस चमकतो.

आता शहराच्या एवढ्या उजेडात हे दिसतं कसं? तर हा गॅस सगळ्या रंगांत नाही, मोजक्याच रंगांत चमकतो. 1864 मध्ये हगिन्स या खगोलशास्त्रज्ञाला अशाच एका तेजोमेघाच्या प्रकाशाचे रंग वेगळे करून बघताना हिरवी रेघ दिसली, ती कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना, मग लोकांनी 'नेब्युलियम' नावाचं नवीनच मूलद्रव्य काढलं! 1927 ला बोवेन या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवलं की तो साधा ऑक्सिजन आहे, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आणि कमालीचा विरळ. माझा फिल्टर ती हिरवी आणि हायड्रोजनची लाल रेघ तेवढी आत सोडतो. पिवळे सोडियम दिवे होते तेव्हा काम सोपं होतं, हे पांढरे एलईडी सगळ्याच रंगांत सांडतात.

एकेक फ्रेम, म्हणजे एकेक फोटो, 60 सेकंदांची. आणि ही बघा गंमत, तारे लांबुळके झालेत ना, ती वाऱ्याची करणी नाही, शेजारी लिफ्टची मशीनरूम आहे, तिचे हादरे दुर्बिणीला बसतात आणि ही वेळ सगळ्यांची ऑफिसातून घरी यायची. 120 पैकी 31 फेकल्या.

उरलेल्या एकावर एक रचल्यावर हे. कडेला लालसर, आत निळसर हिरवं, आणि मधोमध तो बारीकसा ठिपका दिसतोय? तोच तो गाभा.