कोसबाडची शाळा: अनुताई वाघ यांची शिकवण्याची रीत

नमस्कार श्रोतेहो.

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1957 साली बोर्डी गावाहून लहान मुलांच्या शिक्षणाचं आपलं काम इथे हलवलं. आज बोलायचं आहे ते अनुताईंबद्दल, आणि त्याहून जास्त त्यांच्या शिकवण्याच्या रीतीबद्दल. पुण्यतिथीला फोटोला हार घालायला पाच मिनिटं लागतात. मुलाला अंक शिकवायच्या बांबूच्या दहा पट्ट्या मापात कापून रंगवायला आठवडा जातो, आणि मुलाच्या कामी येतात त्या पट्ट्याच.

अनुताईंचा जन्म 17 मार्च 1910चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आलं. त्या काळात अशा मुलीला घराचा एक कोपरा मिळायचा. अनुताई त्या कोपऱ्यात बसल्या नाहीत. शिकल्या, खेड्यात शिक्षिका झाल्या, मग पुण्याच्या हुजूरपागा या मुलींच्या शाळेत आल्या. नोकरी सांभाळून रात्रशाळेतून मॅट्रिक केलं, बी.ए. व्हायला तर पन्नाशी उजाडली. हे सांगायचं कारण असं, की शिकायचं वय कुठलं, वेळ कुठली, जागा कुठली, याचे ठरलेले नियम त्यांच्या स्वतःच्या बाबतीतच मोडले होते. पुढे त्यांनी गुराख्यांसाठी माळावर शाळा भरवली, त्याची तयारी या आयुष्यात झाली होती.

1945 साली बोरिवलीच्या एका शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली. ताराबाईंनी भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलं होतं आणि मॉन्टेसरी पद्धतीचा, म्हणजे मुलानं साधनं हाताळत स्वतः शिकायच्या रीतीचा, त्यांचा अभ्यास पक्का होता. बोर्डीला बालवाडी सुरू झाली, पण गरीब वस्त्यांतली मुलं काही येईनात. तेव्हा ताराबाई म्हणाल्या, मुलं शाळेत येत नसतील तर शाळा त्यांच्या अंगणात भरवू. अंगणवाडी हा शब्द आज गावोगाव आहे. 2 ऑक्टोबर 1975ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि त्यातल्या केंद्रांना हेच नाव मिळालं. त्याची मुळं बोर्डीच्या त्या अंगणांत आहेत.

कोसबाडला वस्ती वारली आदिवासींची. इथली अडचण आणखी वेगळी. पाच-सहा वर्षांचं मूल शेळ्यांमागे जातं, सात वर्षांची मुलगी कडेवर भावंड घेऊन फिरते. अनुताईंनी पहिला प्रश्न विचारला तो ‘काय शिकवायचं’ हा नव्हे. कोण आलं नाही आणि का आलं नाही, हे त्यांना आधी कळायला हवं होतं. माझ्या मते त्यांच्या रीतीचं मर्म इथेच आहे, साधनं नंतरची.

हजेरीपटावर आपण गैरहजर मुलापुढे एकच फुली मारतो. त्या फुलीच्या मागे निदान चार वेगळ्या गोष्टी असतात: मूल गुरांमागे गेलंय, मूल भावंड सांभाळतंय, मूल आजारी आहे किंवा घरच्यांबरोबर गाव सोडून गेलंय. चारींवर उपाय वेगळे. म्हणून फुलीऐवजी खुणेचं अक्षर घालावं: गुरांसाठी ‘ग’, भावंडासाठी ‘भ’, तापासाठी ‘त’, गाव सोडून गेलेल्यासाठी स्थलांतराचा ‘स्थ’. महिनाअखेरीला नुसता पट उघडला तरी काय करायचं ते दिसतं. ‘भ’ जास्त असतील तर शाळेच्या शेजारी पाळणाघर हवं. कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती ती यासाठी. ताई धाकट्याला कडेवर घेऊनच येते, त्याला पाळणाघरात ठेवते आणि स्वतः वर्गात बसते. तिला शाळेत आणायचं तर धाकट्याची सोय आधी.

‘ग’ जास्त असतील तर कुरणशाळा, म्हणजे गुरं चरतात तिथेच भरणारी शाळा. हा अनुताईंचा फार मोठा प्रयोग, आणि तो वाटतो तितका सोपा नाही. शेळ्या-गुरं सकाळी आणि उन्हं कलल्यावर चरतात, भर दुपारी सावलीत बसून रवंथ करतात. तीच शाळेची वेळ, साधारण साडेअकरा ते दीड. सामान एका माणसाला वाहता येईल एवढंच घ्यावं: गुंडाळफळा, पाट्या-पेन्सिली, पाण्याची कळशी, एक शिट्टी. दोन-दोन मुलांनी आळीपाळीनं वीस-वीस मिनिटं गुरांवर नजर ठेवायची. शाळा बंद पडते ती इथेच. एखादी शेळी कुणाच्या भातात घुसली की भांडण घरापर्यंत जातं आणि दुसऱ्या दिवसापासून मूल येत नाही. त्यामुळे जूनपासून कापणीपर्यंत, शेतात पीक उभं असताना, राखण दोघांची चौघांवर न्यावी. कापणीनंतर एकानेही भागतं.

‘स्थ’ हे अक्षर सगळ्यांत अवघड. या भागात जुलैत भातलावणी, दिवाळीच्या सुमारास कापणी आणि गवत, त्यानंतर बरीच कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात ती पाऊस तोंडावर आल्यावर परततात. हे वेळापत्रक वर्गाच्या भिंतीवर लावलेलं असावं. नवी, कठीण गोष्ट भट्टीच्या हंगामात सुरू केली तर निम्मा वर्ग तिला मुकतो. पाया ऑगस्ट ते ऑक्टोबर या तीन महिन्यांत घालून घ्यावा.

आता मूल आलं. येताच त्याच्या हातात पाटी द्यायची नाही. कोसबाडला दिवसाची सुरुवात स्वच्छतेनं व्हायची: हातपाय धुणं, नखं, केस. हे काम सेविकेवर टाकून शिक्षिकेनं खुर्चीत बसायचं नाही, कारण मुलाची प्रकृती तेव्हाच दिसते. बोटांच्या बेचक्यात पुळ्या असतील आणि मूल रात्रभर खाजवत असेल तर ती बहुधा खरूज. एकट्या मुलाला औषध लावून उपयोग होत नाही. घरातल्या सगळ्यांवर एकाच वेळी उपचार व्हावे लागतात, अंथरूण-कपडे गरम पाण्यात धुवावे लागतात, नाहीतर ती फिरून येते. मग आरोग्य केंद्राच्या औषधालाच दोष दिला जातो. आणि एक पथ्य: केसात उवा सापडल्या तर ते सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणायचं नाही. मूल परत येणार नाही.

पुढचा प्रश्न भाषेचा. वारली बोलणारं मूल पहिल्यांदा प्रमाण मराठी ऐकतं ते शाळेत. बाई चित्र दाखवून विचारतात, ‘हे काय?’ मूल घरचा शब्द सांगतं. ‘असं नाही म्हणायचं’ असं बाईंनी दोनदा म्हटलं की तिसऱ्यांदा मूल बोलतच नाही, आणि आपण शेरा लिहितो, ‘विद्यार्थी अबोल आहे’. पहिले दोन-तीन महिने मुलाला त्याच्याच बोलीत बोलू द्यावं. शिक्षिकेनं एका वहीत तिथले शंभर शब्द गोळा करावेत: घर, अंग, भांडी, झाडं, पाऊस, नाती. वस्तू दाखवताना आधी घरचा शब्द, लगेच शाळेतला, दोन्ही सारख्याच आवाजात. चुकीची दुरुस्ती म्हणून नको. बाईंचे वारली उच्चार ऐकून मुलं हसतील, हसू द्यावं. त्या दिवशी वर्गात चूक करणारं माणूस मोठं असतं, हे मुलांना फार आवडतं.

लिहिण्याआधी हात तयार व्हावा लागतो. वारल्यांच्या घरात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढलेली चित्रं मूल जन्मापासून पाहतं. बांबूची काडी टोकाला ठेचली की कुंचला झाला. सरळ रेघा, नागमोडी रेघा, ठिपके, गोल, एवढं त्यानं रोज दहा-पंधरा मिनिटं काढावं. फक्त देवचौक, म्हणजे लग्नात काढलं जाणारं चौकाचं चित्र, शाळेच्या भिंतीवर हौसेनं काढायला लावू नये. तो विधीचा भाग आहे, सजावट नव्हे.

मॉन्टेसरी पद्धतीत अक्षरं बोटानं गिरवायची असतात. त्यासाठी 15 बाय 20 सेंटिमीटरचा जाड पुठ्ठा घ्यावा, त्यावर साधारण 12 सेंटिमीटर उंचीचं अक्षर डिंकानं काढावं, वर चाळलेली बारीक वाळू पसरावी, दिवसभर वाळवून झटकावं. कणकेची खळ वापरू नये, उंदीर पुठ्ठ्यासकट खातात. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात, पण इथे ते अजिबात नको. मुलं तीच बोटं तोंडात घालतात. अक्षर दोन बोटांनी, ज्या दिशेनं लिहायचं त्याच दिशेनं गिरवायचं आणि त्याच वेळी आवाज म्हणायचा. मग वाळूच्या तबकात तेच अक्षर. वाळूचा थर अर्धा सेंटिमीटर पुरतो. जास्त घातली की बोटाची रेघ ढासळते आणि आपलं अक्षर वाईट येतं असं मुलाला वाटतं. सूप वापरून पाहणाऱ्यांची वाळू एका कडेला जमते, सपाट बुडाचं तबक हवं. पावसाळ्यात वाळू दमट होते, तव्यावर परतून पूर्ण गार करून घ्यावी.

अक्षरांची सुरुवात ‘अ’पासून करण्याचा हट्ट का असतो कळत नाही. क, म, न, र आणि काना, एवढी पाच चिन्हं आली की कान, नाक, मान, काम, मका, काका, मामा, राम हे सगळं वाचता येतं. पहिल्या पंधरवड्यात मूल खरे शब्द वाचतं. मुळाक्षरांचा तक्ता संपेपर्यंत थांबलेल्या मुलाला तेवढ्या वेळात एकही शब्द मिळत नाही.

आता सुरुवातीला म्हटलेल्या पट्ट्या. मॉन्टेसरीच्या संख्यादंडांत दहा दांडे असतात, सगळ्यांत लहान 10 सेंटिमीटर, सगळ्यांत मोठा एक मीटर, दर 10 सेंटिमीटरला लाल-निळा रंग आलटून पालटून. विकतचा संच महाग पडतो. बांबूचा घरी होतो. सगळ्यांची बेरीज साडेपाच मीटर, पण फुटतूट धरून साडेसहा मीटर पट्टी काढावी, रुंदी तीन सेंटिमीटर. बांबू जून असावा. तोडल्यावर दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून सावलीत वाळवावा, नाहीतर भुंगा पोखरतो आणि वर्षभरात पट्ट्यांचं पीठ होतं. कुसं राहू नयेत म्हणून कडा घासून घ्याव्यात. सगळ्यांत जास्त चूक होते ती पेरांवर कापण्याची. पेरं सारख्या अंतरावर नसतात, त्यामुळे ‘तीन’ची पट्टी ‘चार’हून लांब होऊन बसते. मोजपट्टीनंच कापावं. रंगाला गेरू आणि चुना चालतो, पण दोन्हीत डिंक घालावा, नाहीतर तासाभरात रंग पट्टीवरून हातावर येतो. प्रत्येक पट्टीचं पहिलं घर गेरूचंच असू द्या, म्हणजे एका कडेनं जुळवून मांडल्या की रंगाचे उभे पट्टे तयार होतात आणि चुकीची जागा मुलालाच दिसते.

दहाच्या पट्टीखाली नऊ आणि एक, मग आठ आणि दोन, सात आणि तीन, सहा आणि चार मांडायचे. उरते पाच. तिला जोडीदार नाही, म्हणून तीच उलटून पुढे ठेवायची: पाच दुणे दहा. ही गंमत मुलं विसरत नाहीत.

दहाच्या पुढे चिंचोके आणि दहा-दहा काड्यांचे जुडगे. मुलं 25 सांगितल्यावर 52 लिहितात, कारण त्यांना पाच आधी ऐकू येतो. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ असा वाचनाचा पर्याय आला तेव्हा महाराष्ट्रभर चेष्टा झाली, पण त्याच्या मुळाशी ही खरी अडचण होती. घरचं ‘पंचवीस’ सोडायची गरज नाही. दोन जुडगे डाव्या हाताला, पाच सुट्या काड्या उजव्या हाताला ठेवून मगच लिहायला लावलं की उलटा आकडा कमी येतो.

सरकारी केंद्रांत खेळण्यांचे संच येतात आणि कपाटात राहतात, कारण डेड स्टॉक रजिस्टरवर, म्हणजे सरकारी सामानाच्या वहीत, नोंद असते आणि मोडलं तर जबाब द्यावा लागतो. चिंचोके हरवले तर कुणी विचारत नाही. गावच्या साधनांचा हा फायदा कागदावर कुठे लिहिलेला नसतो.

शेवटी एक काम, जे बहुतेक गावांत होत नाही. मूल अंगणवाडीतून पहिलीत गेलं की गुरुजी पुन्हा ‘अ’पासून सुरू करतात, कारण त्याला काय येतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. विकासवाडीत सगळं एका आवारात असल्यामुळे हे तुटलेपण कमी होतं. इतरत्र मे महिन्याच्या सुट्टीआधी अंगणवाडीताई आणि पहिलीचे शिक्षक यांनी एक दुपार एकत्र बसावं. प्रत्येक मुलाचं एक पान: कोणती अक्षरं ओळखतं, कितीपर्यंत वस्तू मोजतं, घरी कोणती बोली बोलतं, कुठल्या महिन्यात गावाबाहेर असतं, आणि शाळेत त्याला कोण घेऊन येतं. हे शेवटचं नाव ठळक लिहावं. जूनमध्ये मूल आलं नाही तर पहिली भेट त्याच माणसाची घ्यायची आहे.