राज्य ठाण्याचं, बिरुद तेरचं! शिलाहार आणि तगरपूर

नमस्कार मंडळी! १७८७ मध्ये ठाण्यात पायाचं खोदकाम चालू असताना एक ताम्रपट सापडला. शिलाहार राजा अरिकेसरीचा, शके ९३९ चा, म्हणजे इसवी सन १०१७. आता हा माणूस राज्य करतोय उत्तर कोकणावर, आणि बिरुद काय लावतोय, तर ‘तगरपुरपरमेश्वर’, म्हणजे तगर नगरीचा स्वामी! आणि हे तगर कुठलं, तर आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, संत गोरा कुंभारांचं गाव. ठाण्यापासून साडेतीनशे-चारशे किलोमीटर लांब, मध्ये अख्खा सह्याद्री.

मग असं का? तर शिलाहार हे मूळचे सामंत, आधी राष्ट्रकूटांचे. सामंताला स्वतःचा मान सांगायचा तर घराणं कुठून आलं ते सांगावं लागायचं आणि तेरसारखं नाव दुसरं कुठलं मिळणार होतं, पहिल्या शतकातला ग्रीक व्यापारी सुद्धा लिहून ठेवतो की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे आणि तिथून कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जातं! शिलाहारांच्या वेळेपर्यंत याला हजार वर्षं होत आली होती, तरी नावाचं वजन तसंच. आणि हे एकटे नाहीत बरं का, गोव्याचे कदंब स्वतःला बनवासीचे स्वामी म्हणवायचे, सौंदत्तीचे रट्ट लातूरचे.

मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. या बिरुदामुळेही अभ्यासक तगर शोधत बसले, कोणी म्हणालं देवगिरी, कोणी म्हणालं जुन्नर, आणि शेवटी १९०१ मध्ये शिलालेखांचे इंग्रज अभ्यासक फ्लीट यांनी तेरचं नाव पुढे केलं, तेच आज मानलं जातं.

तेरला गेलात तर त्रिविक्रम मंदिर नीट बघा. मागून चक्कर मारा, भिंत सरळ नाहीये, गोलाकार वळते, वर विटांचं गजपृष्ठाकार छत, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखं. शिलाहारांच्या आधीपासून उभं आहे ते! लामतुरे संग्रहालय पण सोडू नका, सातवाहन काळातल्या वस्तू आहेत तिथे.

शिलाहारांची दुसरी शाखा, कोल्हापूरची, तिनं तर महालक्ष्मीचा वरप्रसाद मिळाल्याचं बिरुद घेतलं, पण ‘तगरपुरवराधीश्वर’ काही सोडलं नाही, यादव सिंघणाने साधारण १२१२ च्या सुमारास त्यांच्या राजाला, दुसऱ्या भोजाला हरवून राज्य घेतलं तोपर्यंत.