कठीण वचनं आणि ती वाचणारे

(सोलापुरातल्या एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो,

सकाळी फोन उघडला की सुप्रभातच्या फुलांबरोबर कधीकधी एखादं वचनही येतं. बहुतेक वेळा कुराणातलं, नवव्या सूरेची म्हणजे अध्यायाची पाचवी आयत, म्हणजे वचन. क्वचित बायबलातलं, यहोशवाच्या पुस्तकातलं. खाली एक ओळ असते : ‘वाचा आणि सांगा, हा कसला धर्म?’ मला या प्रश्नाचा राग येत नाही. वचनं खरोखरच तिथे आहेत. ‘आमच्या ग्रंथात असलं काही नाहीच’ असं कुणी म्हणत असेल, तर त्याने आपला ग्रंथ नीट वाचलेला नाही. मला बोलायचंय ते अशा माणसाविषयी, जो हे ग्रंथ पवित्र मानतो, रोज वाचतो आणि तरी शेजाऱ्याच्या केसालाही धक्का लावत नाही. आपल्या शहरात अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. ती हे सगळं वाचतात तरी कसं?

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. गीता रणांगणावर सांगितली गेली आणि ती अर्जुनाला ‘ऊठ, लढ’ म्हणते. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात तिच्यातून कर्मयोग काढला आणि अन्यायाविरुद्ध प्रत्यक्ष लढणं त्यात बसवलं. गांधींनी कुरुक्षेत्र माणसाच्या मनात आहे असं मानलं आणि त्याच सातशे श्लोकांतून अहिंसा काढली.

आता यहोशवा घ्या, इस्राएली लोकांना कनान देशात नेणारा पुढारी. यरीहोचा तट कोसळतो आणि आत शिरलेले लोक पुरुष, बायका, पोरं, म्हातारे, गुरंढोरं, सगळ्यांना तलवारीने कापून काढतात. सहावा अध्याय, एकविसावं वचन. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, पंधराव्या अध्यायात, शौल राजाला अमालेकी लोकांची तान्ही मुलंसुद्धा मारायची आज्ञा होते. ती त्याने अर्धवट पाळली म्हणून देव त्याला राजपदावरून दूर करतो.

दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाने यावर सोपा तोडगा काढला. जुन्या करारातला, म्हणजे बायबलाच्या येशूपूर्वीच्या भागातला देव वेगळा, येशूचा पिता वेगळा, तेव्हा जुना करारच टाकून द्या. रोमच्या मंडळीने इ. स. 144 च्या सुमारास मार्सियनलाच बाहेर काढलं. पानं फाडायची नाहीत हे ख्रिस्ती लोकांनी इतक्या लवकर ठरवलं. मग ती वाचायची कशी, हे ओझंही त्यांच्याच खांद्यावर आलं.

तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने सांगितलं की यहोशवाने हरवलेले हे कनानी राजे म्हणजे आपल्या आत ठाण मांडून बसलेले विकार. त्यांच्यातला एकही जिवंत सोडायचा नाही. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनने अशी पळवाट घेतली नाही. हा देवाचा न्याय होता, त्या काळापुरता आणि त्या लोकांपुरता. दुसऱ्या कुणी त्याचा दाखला देऊन तलवार उचलू नये, असा त्याचा रोख होता. विसाव्या शतकात पुरातत्त्ववाले आले. कॅथलीन केनियन यांनी 1952 ते 1958 या काळात यरीहोला उत्खनन केलं, तेव्हा यहोशवाच्या मानल्या जाणाऱ्या काळात तिथे तटबंदीचं मोठं शहर असल्याचं आढळलं नाही. शिवाय त्या काळचे राजे बोलतच असं होते. इस्राएलशेजारच्या मवाब राज्याच्या मेशा राजाचा ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातला शिलालेख आज पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे. त्यात तो म्हणतो, इस्राएल कायमचा नष्ट झाला. इस्राएल त्यानंतरही होताच. खुद्द बायबलातही यहोशवाने सगळे कनानी संपवल्याचं सांगितल्यावर पुढच्याच पुस्तकात ते जागोजागी राहताना दिसतात.

माझं मत विचाराल तर अतिशयोक्तीच्या या युक्तिवादाने मेलेल्यांची संख्या कमी होते, आज्ञा मात्र तशीच उरते. म्हणूनच बहुतेक ख्रिस्ती वाचक शेवटी येशूपाशी येऊन थांबतात. लूकच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शोमरोनी लोकांचं, म्हणजे यहुद्यांशी वैर असलेल्या शेजाऱ्यांचं, एक गाव येशूला थारा देत नाही. शिष्य विचारतात, आकाशातून अग्नी पडून हे भस्म व्हावेत असं म्हणू का? एलीया संदेष्ट्याने पूर्वी हेच केलं होतं, म्हणजे शिष्यांकडे ग्रंथाचा दाखला होता. येशू वळून त्यांनाच धमकावतो आणि सगळे दुसऱ्या गावाला निघून जातात.

एका वचनापाशी मला जरा जास्त थांबायचंय. स्तोत्र 137. यरुशलेम जाळून बाबेलच्या सैन्याने लोकांना कैद करून नेलंय. नदीकाठी बसून ते रडतायत, आणि पकडणारे म्हणतायत, तुमचं एखादं गाणं म्हणून दाखवा की. सुरुवात इतकी आर्त, आणि शेवट असा : बाबेल, तुझी बाळं धरून जो खडकावर आपटील तो धन्य. मठांमधल्या संन्याशांनी याचा अर्थ आत वळवला. बाळं म्हणजे नुकते जन्मलेले वाईट विचार, खडक म्हणजे ख्रिस्त. ते वाढण्याआधीच आपटा. बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या मठनियमांतही हे आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक चर्चने आपल्या नित्य प्रार्थनेतून हे शेवटचं वचन गाळलं. त्यामागची काळजी मला कळते, पण मी ते गाळलं नसतं. ज्याच्या डोळ्यांसमोर स्वतःची लेकरं मारली गेली, त्याचं हे बोलणं आहे. तो तलवार उचलत नाही, देवाजवळ ओरडतो. ग्रंथाने त्या ओरडण्याला जागा दिली, हे मला फार मोठं वाटतं.

‘मी शांतता नव्हे तर तलवार आणायला आलो आहे’ हे मत्तयातलं वचन मात्र उगाच बदनाम झालंय. पुढच्याच ओळीत मुलगा आणि बाप, सून आणि सासू यांच्यातली फूट येते. मराठी माणसाला ही तलवार ठाऊक आहे. 1895 साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार काही वर्षं दुभंगला.

पण अर्थ नेहमी असा मवाळ निघत नाही. 1637 साली अमेरिकेत इंग्रज वसाहतवाल्यांनी मिस्टिक इथलं पेक्वॉट लोकांचं गाव बायकापोरांसकट जाळलं. त्यांचा कॅप्टन जॉन अंडरहिल याने नंतर लिहून समर्थन केलं : दाविदाच्या लढाया पाहा, ग्रंथ कधीकधी बायकामुलांनाही मरायला सांगतो. त्याच अमेरिकेत गुलाम केलेले काळे लोक यरीहोच्या कोसळणाऱ्या तटाची गाणी गात आणि त्यात आपली बेडी तुटताना पाहत. पुस्तक तेच होतं. वाचणारा कुठे उभा आहे, मालकाच्या ओसरीवर की कापसाच्या शेतात, यावर किती अवलंबून असतं पाहा.

आता तौबा सूरा, म्हणजे कुराणातली तीच नववी सूरा. पाचवी आयत म्हणते : पवित्र महिने सरले की मुश्रिकांना (अल्लाहबरोबर इतर देव मानणाऱ्यांना) जिथे सापडतील तिथे मारा, पकडा, वेढा घाला; ते पश्चात्ताप करून नमाज पढू लागले आणि जकात देऊ लागले तर वाट मोकळी करा. आता आधीची, चौथी आयत वाचा : ज्या मुश्रिकांनी तुमच्याशी केलेला करार मोडला नाही, त्यांच्याशी मुदत संपेपर्यंत तो पाळा. सहावी वाचा : मुश्रिकांपैकी कुणी आसरा मागितला तर द्या, त्याला अल्लाहचं वचन ऐकू द्या आणि मग त्याच्या सुरक्षित जागी पोचवा. तेरावी वाचा : ज्यांनी शपथा मोडल्या आणि पहिला वार केला, त्यांच्याशी तुम्ही लढणार नाही का? काळ हिजरी 9, म्हणजे इ. स. 631. करार झाले होते, मोडले होते, आणि हजच्या जमावात चार महिन्यांची मुदत जाहीर झाली होती. याला मदरशात शान-ए-नुजूल म्हणतात. आयत कधी आणि कशामुळे उतरली ते.

पण एवढ्यावर सुटलो असं मी म्हणणार नाही. या आयतीने शांततेच्या शंभराहून अधिक आयती रद्द केल्या, असं म्हणणारे जुने विद्वान होऊन गेले. कुठल्या आयतीने कुठली रद्द झाली, हा नासिख-मनसूखचा त्यांचा शास्त्रीय वाद आहे. उलट दिल्लीचे धर्मपंडित शाह वलीउल्लाह यांनी अठराव्या शतकात रद्द झालेल्या आयतींची संख्या अवघ्या पाचावर आणली. आणि आपल्याकडे बहुसंख्य मुसलमान ज्या हनफी परंपरेचे, तिने ‘इस्लाम किंवा तलवार’ हा पर्याय अरबस्तानातल्या मुश्रिकांपुरताच ठेवला. बाकीच्यांनी जिझिया, म्हणजे बिगरमुस्लिमांवरचा कर, देऊन आपल्या धर्मात राहावं. आजच्या समतेच्या मापाने जिझियाही मान्य होणारा नाही, हे स्पष्ट म्हणायला हवं. पण पाचव्या आयतीला कुंपण घालणारे त्याच ग्रंथावर श्रद्धा असलेले लोक होते, आणि ते बाराशे वर्षांपूर्वीचे होते.

खान अब्दुल गफार खानांनी 1929 साली खुदाई खिदमतगार, म्हणजे ‘देवाचे सेवक’, ही अहिंसक चळवळ उभी केली. बंदूक हा जिथे घरातला दागिना, त्या पठाणांना त्यांनी कुराणातला सब्र, म्हणजे धीर, शिकवला, पैगंबरांनी मक्केत सोसलेल्या छळाची आठवण दिली, आणि ती माणसं ब्रिटिशांच्या गोळ्यांसमोर हात न उचलता उभी राहिली.

इथल्या पाळकांना आणि मौलानांना माझी हात जोडून विनंती आहे. ही पानं उपासनेत आणि खुत्ब्यात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, मुद्दाम काढा. पोरांना ती फोनवर सापडतातच, तीही आगापिछा कापलेली.

व्याख्यानानंतर कॉलेजच्या एका मुलीने विचारलं, “पण सर, बरोबर अर्थ कुठला हे ठरवणार कोण?” मी म्हटलं, बेटा, कॅथलिकांत चर्च ठरवतं. प्रोटेस्टंट माणूस बायबल उघडून मंडळीबरोबर स्वतः शोधतो. सुन्नी इस्लामात पोप नाही, तिथे उलेमा, म्हणजे धर्मपंडित, एकमेकांशी वाद घालतात. ‘फैसला फक्त अल्लाहचा’ म्हणत खारिजी हा कट्टर गट चौथे खलिफा हजरत अलींवर उलटला आणि 661 साली त्यांच्यातल्याच एकाने अलींचा खून केला, तेव्हापासून तो वाद चालू आहे. 2014 साली शंभराहून अधिक मुस्लिम विद्वानांनी ‘इस्लामिक स्टेट’चा म्होरक्या बगदादीला जाहीर पत्र लिहिलं. एखाद्या विषयावर कुराण आणि हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी) जे जे सांगतात ते सगळं न पाहता एकटी आयत उचलून हुकूम काढता येत नाही, असं त्यांनी त्याला त्याच्याच ग्रंथाच्या आधारे सुनावलं.